ट्रॉलीची ब्रेक केबल का घासत होती : मार्च ते जुलै २०२५ च्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

काल रात्री तुळजापूरहून आलो. आज सकाळी ट्रॉली धुवायला काढली आणि दांडीच्या खालून हात फिरवताना बोटात कचकन काहीतरी घुसलं. वाकून बघितलं तर ब्रेकअवे केबलची तुटलेली तार. केबलवरचं लाल प्लास्टिक चार बोटं लांबीत पार गेलंय, आतली तार एका बाजूनं घासून चपटी झालीय आणि चकाकतेय, आणि तुटलेल्या बारीक तारा माशाच्या गळासारख्या बाहेर वळल्यात. मोजल्या, अकरा तुटलेल्या. त्याच केबलच्या पोटाला, म्हणजे जिथं ती खाली लोंबते तिथं, आणखी एक घासलेली जागा सापडली पण ती वेगळी दिसते, काळी, डांबर लागलेली.

ज्यांना आमची गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम केलीय, आत चार जण झोपतात, आणि मागं एका आसाची ट्रॉली ओढतो, भरून साधारण ९०० किलो. ट्रॉलीत दिंडीचं सामान असतं, म्हणजे पातेली, शेगड्या, ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम. ट्रॉलीची आरटीओत वेगळी नोंदणी आहे, ब्रेक तिचे स्वतःचे आहेत आणि ते ढकलण्यावर चालतात. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की ट्रॉली मागून पुढं रेटते, त्या रेट्यानं कपलरचा, म्हणजे गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर (बॉलवर) बसणाऱ्या जोडणीचा, दांडा आत सरकतो, तो आतली लिव्हर हलवतो, लिव्हर खालची सळई ओढते आणि सळईला जोडलेल्या दोन केबली दोन्ही चाकांच्या ड्रममधले ब्रेक लावतात. वायरिंग नको, हवा नको, साधी आणि चांगली पद्धत आहे.

ब्रेकअवे केबल मात्र निराळी. ती ट्रॉलीच्या हँडब्रेकपासून निघते आणि पुढच्या गाडीला अडकवलेली असते. कधी कपलर बॉलवरून निसटलाच तर ही केबल हँडब्रेक ओढते आणि ट्रॉली आपली आपण थांबते. एवढं एकच काम, तेही आयुष्यात एकदा, पण त्या एकदासाठी ती धड पाहिजे.

आषाढीला आमची गाडी दिंडीबरोबर पंढरपूरला जाते. मागंपुढं माणसं चालत असतात, म्हाताऱ्या आज्ज्या असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या. अशा गर्दीत चढावर ट्रॉली सुटली तर काय होईल हे मला सकाळपासून डोळ्यासमोरून हलेना, म्हणून आजपासून वही घातली.

१० मार्च

नवी केबल आणली आणि तात्पुरती टाकली. गल्लीतल्या वेल्डरदादांनी जुनी बघून सांगितलं की हे असलं बारीक कशाला, चांगली जाड साखळी टाकून देतो, जन्मभर घासणार नाही. मनापासून सांगत होते, पण मी नको म्हणालो आणि कारण इथं लिहून ठेवतो कारण हा प्रश्न आणखी लोक विचारणार आहेत. ही केबल मुद्दाम तुटण्यासाठीच बारीक असते. आधी हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि मग तुटायचं, असा तिचा हिशोब. तिच्या जागी जाड साखळी टाकली तर हँडब्रेक लागलेली ट्रॉली गाडीच्या मागं फरफटत येणार, आडवी होणार, गाडीलाही ओढणार. ज्या लहान ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो त्यांना साखळी लावतात ती वेगळ्या कामासाठी, दांडी रस्त्यात रुतू नये आणि ट्रॉली गाडी सोडून जाऊ नये म्हणून.

म्हणजे केबल जाड करून हा प्रश्न सुटत नाही, ती घासू नये हेच करायला पाहिजे.

१६ मार्च, रविवार

पहिला उपाय. अर्धा इंची पारदर्शक नळीचा तुकडा उभा चिरला, केबलवर चढवला, तीन झिप टायनं बांधला. वीस मिनिटांचं काम. दिसायला चांगलं दिसतंय.

३० मार्च

पाडवा. काम नाही. संध्याकाळी अक्कलकोटला जाऊन आलो, ट्रॉली नेली होती, नळी जागेवर आहे.

६ एप्रिल, रविवार

नळी जागेवर होती पण आत काय चाललंय ते आज कळलं. टाय कापून नळी उघडली तर आतून ओली माती आणि बारीक वाळूचा लगदा निघाला. चिरलेल्या फटीतून धूळ आत जाते, गाडी धुतली की पाणी जातं, आणि ते बाहेर पडायला वाट नाही. हलणारी केबल त्या वाळूवर पॉलिश पेपरसारखी घासतेय. चार आठवड्यांची नवी केबल, नळीखालचं प्लास्टिक खरखरीत आणि पांढरट पडलंय. नळी नसती तर घाण निदान उडून गेली असती. तीनपैकी एक टायसुद्धा कडक होऊन तुटलाय, सोलापूरच्या उन्हात पांढरे टाय टिकत नाहीत, काळेच घ्यायचे, ते उन्हाला जास्त टिकतात.

एक गोष्ट मात्र त्या नळीनं दाखवली. नळीला जिथं चर पडलाय ती जागा जुन्या केबलच्या घासलेल्या जागेशी तंतोतंत जुळते. म्हणजे केबल कुठंही घासत नाही, एकाच ठिकाणी घासते.

७ एप्रिल

रात्री मामा जेवायला आले होते. मामांची सगळी हयात पॉवरलूमवर गेली, चादरी आणि टॉवेल. त्यांना जुनी केबल दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती दोन बोटांत फिरवली आणि म्हणाले, अरे, तू धागा बदलत बसलायस. एकाच जागी धागा तुटायला लागला की आम्ही धाग्याकडं बघतच नव्हतो, मागाची फणी बघायची, धागा नेणारा धोटा बघायचा, धोट्याला कुठंतरी कूस, म्हणजे बारीक टोचरं टोक, निघालेली असते आणि तीच प्रत्येक फेरीला धागा कापत असते. तुझी कूस कुठाय ते शोध आधी.

मी त्यांना विचारलं, मामा, तुम्ही कूस शोधायचा कशी, ती तर दिसत पण नसणार. म्हणाले डोळ्यानं नाही, सुती चिंधी फिरवायची, जिथं अडकेल तिथं आहे.

हे ऐकल्यावर मला झोप आली नाही, इतकं ते बरोबर वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला गाडी होटगी रोडच्या बाजूला एका ओळखीच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. बरोबर गेरू, मास्किंग टेप, मेजर टेप, आणि मागं बघायला दादा.

केबलला गेरू कालवून फासला. दांडी, कपलरची खालची कड, बॉलचा कंस, सगळ्याला पांढरी मास्किंग टेप चिकटवली. मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं तोडून गोल फेरी, पूर्ण डावीकडं तोडून गोल फेरी, नंतर प्लॉटच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे त्यावरून हळू पुढं. प्रत्येकानंतर उतरून बघायचं. दादा मागून ओरडून सांगत होता, ताणली, ताणली, थांब, आता लोंबली.

उजवीकडं वळताना केबल ताठ होते आणि कपलरच्या खालच्या पत्र्याच्या कडेवर बसते. टेपवर गेरूची रेघ एकदम बारीक आणि गडद, जणू पट्टी लावून ओढलीय. त्या कडेवर सुती चिंधी फिरवली, मामांनी सांगितल्यासारखी, आणि दोनदा फिरवल्यावर ती अडकली आणि दोरा निघाला. बोट फिरवलं तर कळतही नाही पण पत्रा कापल्यावरची बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, तशीच राहिलेली आहे. ही कूस.

डावीकडं वळताना उलटं. केबल इतकी सैल होते की लोंबून खाली टेकते, आणि स्पीडब्रेकरवर तर पक्की टेकते. आमच्या गाडीचं मागचं अंग मागच्या चाकाच्या बरंच मागं बाहेर आलेलं आहे, मोटरहोमला ते असतंच, त्यामुळं पुढची चाकं उंचवट्यावर चढली की शेपूट खाली जातं आणि बॉलही खाली जातो. ती डांबर लागलेली काळी जागा इथली.

बर घासून काढायला पाच मिनिटं लागली, अर्धगोल कानस आणि नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर. पण कड गुळगुळीत केली तरी केबल तिच्यावर बसणारच, फक्त हळू घासणार. ती तिथं बसतेच कशाला हा खरा प्रश्न.

२० एप्रिल, रविवार

आज गाडीला हातच लावला नाही, घरात फरशीवर खडूनं काढून बघितलं. हिनं पोरांना आतल्या खोलीत पाठवलं आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरून बसली.

एक टिंब म्हणजे बॉल. ट्रॉलीवर केबल जिथं बांधलीय ते हँडब्रेकचं बूड, बॉलपासून ६० सेंमी मागं. गाडीवर केबल जिथं अडकवलीय तो हूक बॉलच्या डाव्या बाजूला १५ सेंमी, मागच्या आडव्या चॅनलवर. हा हूक गाडी बांधली तेव्हा तिथं भोक तयार होतं म्हणून तिथं आला, दुसरं काही कारण नाही.

सरळ उभी असताना दोन टोकांतलं अंतर ६२ सेंमी. ट्रॉली उजव्या अंगाला ६० अंश वळवली तर तेच अंतर ७३ सेंमी होतं. डाव्या अंगाला तेवढीच वळवली तर ४८. मी दोनदा मोजलं, मग हिनं मोजलं. म्हणजे उजव्या वळणावर हँडब्रेक ओढला जाऊ नये म्हणून केबल ७४ तरी ठेवावी लागते, आणि ७४ ठेवली की डाव्या वळणावर तिच्यात २६ सेंमीचा झोळ पडतो. तो झोळ रस्त्याला लागणार नाही तर काय होणार? आखूड केली तर उलटं दुखणं, प्रत्येक उजव्या वळणाला हँडब्रेक थोडा थोडा ओढला जाणार, ब्रेक चिकटून राहणार आणि ड्रम तापणार. या जागी हूक ठेवून कुठल्याच लांबीची केबल बरोबर बसत नाही.

मग खडूनं दुसरा हूक काढला, बाजूला नाही तर बॉलच्या बरोबर खाली, गाडीच्या दिशेनं ४ सेंमी पुढं. सरळ ६४, उजवीकडं ६० अंश वळवून ६२, डावीकडंही ६२. दोन सेंमीचा फरक, आणि तोही सैल होण्याकडं, ताणण्याकडं नाही. कारण साधं आहे, ट्रॉली बॉलभोवती फिरते, तेव्हा केबलचं टोक बॉलच्या जितकं जवळ तितकं ते अंतर बदलत नाही. बैल खुंट्याभोवती फिरतो तेव्हा दावं लांब होत नाही, तसंच हे.

एवढा वेळ आम्ही केबलला दोष देत होतो आणि भोक चुकीच्या जागी होतं.

२७ एप्रिल, रविवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या अण्णांकडं सकाळी सातला पोचलो, त्यांनी माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी शटर उघडलं. खडूचं चित्र मोबाईलवर दाखवलं, त्यांना सगळं सांगायच्या आधीच समजलं.

१० मिमी जाडीची पट्टी, खाली गोल कान, कानाला १६ मिमीचं भोक. भोक नुसतं पाडून चालणार नाही, दोन्ही बाजूंनी तोंड गोल करून घेतलं आणि आतून पॉलिश केलं, अण्णांनी शेवटी करंगळीवर कापूस गुंडाळून आत फिरवला आणि कापूस स्वच्छ बाहेर आला तेव्हाच पट्टी हातात दिली. पट्टी बोल्टनं बसवली, वेल्ड नाही. बॉलच्या कंसावर वेल्ड मारायचा मोह होतो पण तो कंस सगळ्या ट्रॉलीचा भार घेतो, आणि वेल्डच्या आचेनं जवळच्या लोखंडाचा कस बदलतो, तिथं हात लावायचाच नाही. आम्ही पट्टी चॅनलला दोन बोल्टनं घेतली, लॉक नट टाकून, आणि बॉलचे बोल्ट सैल झाले नाहीत ना ते पान्यानं पुन्हा तपासलं.

ट्रॉलीच्या बाजूनं एक वाटाड्या लावला, म्हणजे १० मिमी गोल सळईची कडी, कपलरच्या मागं दांडीच्या मधोमध खाली. केबल हँडब्रेकवरून येऊन त्या कडीतून जाते आणि कानाला अडकते. गोल सळईच घ्यायची, चपटी पट्टी वाकवून कडी केली की तिच्या दोन कडा म्हणजे दोन सुऱ्या.

केबल नवीन, प्लास्टिक चढवलेली, तयार दाबलेल्या टोकांची. टोकाला स्क्रूनं बंद होणारा हूक, तो सरळ कानात. पूर्वी आम्ही केबलचा फास करून हूक केबललाच अडकवायचो, त्या फासात केबल तीव्र वळते आणि तिथंच पहिली तार तुटते.

कुणी तारेवर क्लॅम्प लावून टोक स्वतः बांधणार असेल तर एवढं बघा, क्लॅम्पचा यू भाग तारेच्या मोकळ्या, आखूड टोकावर आला पाहिजे आणि सपाट खोगीर भार घेणाऱ्या तारेवर. उलटं लावलं की यू भार घेणारी तार चेपतो. अण्णांच्या दुकानात दुसऱ्याची एक उलटी बांधलेली पडली होती, तार दाबून पार चपटी झालेली, हातात घेऊन बघितली.

४ मे, रविवार

पुन्हा त्याच प्लॉटवर, नवी मास्किंग टेप, नवा गेरू. उजवीकडं तोडून पाच फेऱ्या, डावीकडं पाच. कपलरच्या कडेची टेप कोरी. कडीच्या आत गेरू लागलाय, पसरट आणि फिका, म्हणजे केबल टेकते पण दाबत नाही. स्पीडब्रेकरवर झोळ रस्त्यापासून एक वीत वर राहतो.

खाली आडवा झालो होतो म्हणून चाकांकडं जाणाऱ्या दोन केबलीही बघितल्या. डावी ठीक. उजवीचं बाहेरचं आवरण स्टेपनीच्या कंसाला टेकून एका जागी पातळ झालंय. ती तिथं एका तारेनं नुसती बांधून ठेवलेली होती. तार काढली, रबर लावलेला क्लिप आणला आणि केबल कंसापासून दोन बोटं लांब धरली, शिवाय ती मोठ्या गोलाईत वळेल अशी. केबल तीव्र वळवली की आतली तार आवरणाच्या आतल्या भिंतीवर दाबून चालते, ब्रेक जड होतो आणि सोडल्यावर परत येत नाही. आवरणाला उघडं तोंड वरच्या बाजूला राहू द्यायचं नाही, पावसाचं पाणी तिथून आत उतरतं.

बाहेरून ग्रीस चोपडायचं नाही हेही इथंच लिहितो. आपल्याकडच्या धुळीत ग्रीस म्हणजे वाळू धरून ठेवायचं साधन, नळीचं जे झालं तेच होणार.

२५ मे, रविवार

यंदा मे महिन्यातच पाऊस. प्लॉटवर चिखल. ट्रॉली बाहेरच उभी ठेवली मुद्दाम, भिजू दे.

१५ जून, रविवार

भिजून, वाळून, साधारण ३०० किलोमीटर झाल्यावर तपासणी. आता तपासायची पद्धत ठरलीय. घरातला जुना टर्किश टॉवेल घेतो, त्याचे फासे उभे असतात ना, तो केबलभोवती धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढायचा. एकसुद्धा तार तुटलेली असेल तर फासा अडकतो, आणि बोट फाटत नाही. जुन्या केबलवर ओढून बघितला तर अकरा जागी अडकला पाहिजे होता, चौदा जागी अडकला, म्हणजे मार्चमध्ये डोळ्याला तीन दिसल्याच नव्हत्या. नव्या केबलवर सरळ निघून आला. मामा समोर बसले होते, त्यांनी टॉवेल हातात घेऊन आधी कुठल्या मागावरचा असेल ते सांगितलं.

दुसरी तपासणी ड्रमची. १५ किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ उलटा हात नेऊन बघायचं, टेकवायचा नाही. मेपर्यंत उजवं चाक नेहमी जास्त तापायचं आणि मी ते बेअरिंगवर ढकलत होतो. आज दोन्ही सारखी. त्या पातळ झालेल्या उजव्या केबलचंच ते काम होतं असं मला वाटतं.

२९ जून

दिंडीच्या बैठकीत सांगितलं की गाडीमागं चालताना ट्रॉलीपासून अंतर ठेवा आणि दांडीवर कुणी बसायचं नाही. दरवर्षी थकलेली माणसं थांब्यावर दांडीवर टेकतात, पाय केबलवर ठेवतात. एका आज्जींनी विचारलं की मग टेकायचं कुठं रे माउली. बरोबर होतं त्यांचं. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला दोन घडीची बाकडी बांधून घेतली.

५ जुलै

मोहोळ मागं पडलं, उद्या एकादशी. तीन दिवस गाडी पहिल्या गिअरमध्ये. हमरस्त्यावर केबलला काहीच होत नाही, त्रास सगळा मुक्कामाला होतो, शेतात वळवून लावताना, स्टिअरिंग पूर्ण तोडून, चिखलात, पुढं मागं पुढं मागं. काल रात्री मागं घेताना ट्रॉली जवळजवळ काटकोनात आली होती, तेव्हा उतरून टॉर्च मारून बघितलं. केबल कडीत होती, हूक कानात, हँडब्रेक जागेवर. कडीवर चिखल बसलेला, तो तांब्याभर पाण्यानं काढला.

९ जुलै

घरी. पहिल्यांदा ट्रॉलीच धुतली. टॉवेल ओढला, कुठं अडकला नाही. प्लास्टिकवर कडीपाशी एक पुसट पट्टा आहे, नख लावलं तर नखाला लागत नाही. कानाच्या भोकात थोडा गंज आलाय, पॉलिश पेपर मारून रंगाचा एक हात दिला, आतली कड मात्र रंगवली नाही, रंगाचा पापुद्रा सुटला की तोच खरखरीत होतो. कपलरच्या कडेवर ४ मेची मास्किंग टेप काढायची राहिली होती, ती अजून तिथंच आहे, भिजून पिवळी पडलीय पण तिच्यावर पेननं लिहिलेली तारीख वाचता येतेय.